तळघरातला उजेड

आमच्या घरची रीत अशी की वाटणीत थोरल्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचा. मस्तगड मोहल्ल्यातलं घर, चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, जागा ती किती असणार? थोरल्या दिरांनी एका वाट्यात वरच्या दोन खोल्या अन् गच्ची ठेवली, दुसऱ्यात तळघर. सासरे तिथं सरकीची पोती ठेवायचे. आमचे हे धाकटे. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं, मी डोळ्यानंच वर दाखवलं. घुशीसारखं जमिनीखाली कोण राह्यील?

 जाऊबाईंनी तळघराला चुना मारला, खाली शहाबादी फरशी टाकली, अन् छताला भोक पाडून वर चौकात जाड काच बसवून घेतली. चौक दोघांचा. त्या काचेतून खाली बिलकुल दिवसासारखा उजेड पडायचा.

मंग आला एप्रिल. माझा स्लॅब असा तापायचा की कूलरसुद्धा गरम हवा फेकायचा. खाली मात्र माठातल्या पाण्यासारखा गारवा. हे दुपारी जेवले की खाली जाऊन आडवे व्हायचे. त्याचं मला काही न्हाई. पण माझी लेक, त्या वर्षी दहावीत जाणारी, पुस्तकं घेऊन खाली गेली ती तिकडचीच झाली. जेवण खाली, वेणी खाली. जाऊबाईंना लेकरू न्हाई. लेक त्यांना मोठीआई म्हणायची अन् मला नुसतं, "आई, माझा टॉवेल कुठंय?" अंगाची आग आग व्हायची माझ्या. घर मी निवडून घेतलं अन् पोरगी त्यांना मिळाली, हा कुठला न्याय?

कुरडयांचे दिवस होते. गहू भिजवून, चीक शिजवून मी कुरडया घातल्या, त्या थेट चौकात, काचेवर जुनं लुगडं अंथरून. गच्चीवर माकडं येतात असं ह्यांना सांगितलं. मस्तगडात माकड मी आजवर पाह्यलेलं न्हाई. वाटलं, अंधार झाला की येईल झक मारत वर.

तीन दिवस झाले, रोज वाळलेल्या काढून मी नव्या ओल्या घातल्या, लेक आली न्हाई. खाली बल्ब लावून बसायच्या दोघी. चौथ्या दिवशी दुपारी लाईट गेली तेव्हा लेक वर आली. मी लगेच पाटावर ताट मांडायला घेतलं.

"जेवायला न्हाई आले," ती म्हणाली. "मेणबत्ती दे. मोठीआई म्हणती, आईच्या कुरडया वाळू दे, एवढी मेहनत केलीय, हलवायला लावू नको."

मेणबत्ती दिली. ती गेली तसा तिथंच बसून हुंदका आला, रागाचा का कशाचा, देव जाणे. मंग उठले, चौकात गेले अन् अर्ध्या ओल्या कुरडयांसकट लुगडं ओढून बाजूला केलं. निम्म्या मोडल्या.

काचेतून खाली पाह्यलं. लेक पुस्तकावर वाकलेली, तिनं मान वर केली न्हाई. जाऊबाई तिच्याजवळ बसून गहू निवडत होत्या. उजेड पडला तशा त्या सूप उचलून कोपऱ्यातल्या अंधारात सरकल्या, सावली पुस्तकावर पडू नये म्हणून.

मला हे सुचलं नसतं. मी तिला चिटकूनच बसले असते. अन् त्या दिवशी सगळ्यात जास्त जळले मी ते त्यांच्या ह्या सरकण्यावर.