सँपल फ्लॅटमधले सासरे

माझ्या सासऱ्यांनी पुण्यात प्लास्टिकचं सफरचंद चावलं आणि त्याला पूर्णपणे मी जबाबदार आहे.

वाशीम जिल्ह्यात आमचं थोडं कोरडवाहू शेत आहे. सोयाबीन निघालं, की मी आणि बायको सुमन चार-पाच महिन्यांसाठी पुण्याला येतो. खडकीजवळ एका इमारतीचं काम चालू आहे. तिथे राखणदारी करायची, नव्या भिंतींवर पाणी मारायचं आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचं. शिवाय एक मानाचं काम माझ्याकडे आहे, सँपल फ्लॅट पुसण्याचं. म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायला तळमजल्यावर सजवून ठेवलेलं घर. त्याची किल्ली माझ्या कमरेला असते आणि बिल्डर साहेबांची ताकीद डोक्यात, "आत कुणी बसलेलं दिसलं, तर त्याच दिवशी गावाची गाडी धरायची!"

पत्र्याच्या खोलीत फोनला रेंज येत नाही. म्हणून सासऱ्यांना मी व्हिडिओ कॉल सँपल फ्लॅटमधून करायचो. (इथून माझ्या पापाला सुरुवात.) मागे सोफा, झुंबर, भिंतीएवढा टीव्ही. 'हे माझं घर आहे' असं मी एकदाही म्हणालो नाही. 'हे माझं घर नाही' असंही एकदाही म्हणालो नाही.

"बाबाले खरं सांगून टाका न जी," सुमन म्हणायची.

"सांगतो, पुढच्या कॉलला."

पुढच्या कॉलला मी झुंबरही पेटवलं!

आणि एका रविवारी सकाळी नऊ वाजता सासरे तूरडाळीची पिशवी घेऊन गेटवर हजर.

"जवाईबुवा, म्हटलं आठ दिवस तुमच्या घरात राहून पाहावं!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं, "या ना, मामाजी!" गिऱ्हाइकं अकराला यायची होती. तोवर घर दाखवायचं, चहा पाजायचा आणि मामाजींना येरवड्याला माझ्या पुतण्याकडे नेऊन सोडायचं, असा बेत मी उभ्या उभ्या आखला.

सासरे सँपल फ्लॅटमध्ये शिरले, सदरा खुंटीला लावला आणि पलंगावर आडवे झाले. नडग्यांपासून पुढचे पाय हवेत!

"काऊन जी, पलंग लेकराचा हाय का?"

(खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून सँपल फ्लॅटमधलं फर्निचर मुद्दाम आखूड करतात. आतली दारंसुद्धा लावत नाहीत.)

"पुण्यात सगळे पाय जवळ घेऊन झोपतात, मामाजी."

ते उठून हॉलमध्ये आले. "अन् टीवी काऊन बंद हाय?"

टीव्ही पुठ्ठ्याचा होता. "लाइट गेली आहे."

"मंग झुंबर कसं चालू हाय?"

"ते... ते वेगळ्या तारेवर आहे."

"नळालेही पानी नाही!"

"पुणं आहे, मामाजी."

हे मात्र त्यांना लगेच पटलं.

तेवढ्यात 'ठक्क' असा आवाज झाला. सासऱ्यांनी टेबलावरचं सफरचंद चावलं होतं. त्यांची वरची कवळी त्यात रुतली आणि सफरचंदाबरोबरच बाहेर आली.

"शाल लय जाड हाय हो!" ते बोळक्या तोंडाने 'साल'ची शाल करत म्हणाले. मी पक्कड आणायला पळालो.

पक्कड घेऊन परततो, तर दारात साहेब! गिऱ्हाइकं दीड तास आधीच आली होती. एक पुणेकर गृहस्थ आणि त्यांची पत्नी. समोर सोफ्यावर बनियनमध्ये मामाजी, हातात दात रुतलेलं सफरचंद.

गृहस्थांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "फ्लॅटबरोबर हे पण मिळतात का?"

साहेबांची वाचा गेली. मामाजी मात्र पाहुण्यांसाठी उठून उभे राहिले.

"या, या, बशा! पन शफरचंद खाऊ नका, दात जातेत. नळाले पानी नाही, शंडासले दार नाही, पलंगात पाय मावत नाही. पन माहा जवाई कशा बघा! इतके महिने अशा घरात रायला अन् फोनवर एकदाही कुरकुरला नाही!"

हे ऐकून माझा धीर सुटला. मी पकडीसकट त्यांच्या पाया पडलो. "मामाजी, हे घर माझं नाही! कुणाचंच नाही! टीव्ही पुठ्ठ्याचा आहे! मी मागे पत्र्यात राहतो!"

"गाडी धर! आत्ताच्या आत्ता!" साहेबांची वाचा परत आली.

"थांबा हो," गृहस्थ म्हणाले. "तुमच्या रंगीत कागदात नाही एवढी माहिती या आजोबांनी एका मिनिटात दिली. पूर्ण मापाचा पलंग ठेवल्यावर खोलीत जागा किती उरते, ते लिहून द्या, मग बोलू. आणि या दोघांना घालवू नका. या इमारतीत खरं बोलणारं दुसरं कोणी दिसत नाही."

'खरं बोलणारं' या शब्दांनी मला घाम फुटला. पण साहेबांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि राग गिळला. माझं काम वाचलं.

पकडीने मी कवळी सोडवून दिली आणि मामाजी आठ दिवस पत्र्याच्या खोलीतच राहिले. पहिल्या दुपारी सुमनच्या हातची गरम भाकरी खाऊन ते चटईवर आडवे झाले आणि म्हणाले, "इथं पाय मावतेत बुवा." मला वाटलं, सुटलो! माफी मिळाली!

माफी मिळालीच. विश्वास गेला, एवढंच. आता मी रेंजसाठी गेटबाहेर रस्त्यावर उभा राहून व्हिडिओ कॉल लावतो. मामाजी ना नमस्कार करतात, ना खुशाली विचारतात. थेट म्हणतात, "पयले सफरचंद खाऊन दाखवा, जवाईबुवा."

सुमनने ते आधीच धुऊन हातात दिलेलं असतं. मी कर्रकन चावा घेतो, चावतो, गिळतो, आ करून रिकामं तोंड दाखवतो.

मग ते म्हणतात, "हां. बोला आता."