कदमबाईंचे मागे बांधलेले हात

मंडळी, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

ओपन सोर्सच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरच्या, एका प्रकल्पात मी नवख्यांना हौसेने शिकवतो. आज एका मुलीचा कोड अडला. मी वैतागून तो स्वतःच दुरुस्त केला. तिने लिहिलं, "थँक्यू सर, पण यात मला काय आलं?"

तिथेच कदमबाई आठवल्या. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमच्या ऑफिसला एकच कॉम्प्युटर होता. क्लार्क असलेल्या बाई जेवणाच्या सुट्टीत येईल त्याला, मलाही, प्रोग्रॅम शिकवायच्या, तेही दोन्ही हात मागे बांधून. "मी नाय हात लावणार. तूच दाब. चुकलास तर बघू."

पुढे मी मुंबईहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो. आता कोणी शिकवायचं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "बाईंकडे सर्टिफिकेट कुठाय?" त्यांचं शिकवणं बंद झालं, माझा वर्ग सुरू झाला. मी फळ्यावर लिहायचो, सगळे वहीत उतरवून घ्यायचे.

कोण बोललं, ते बाईंना कधीच कळलं नाही. माझं अभिनंदन करायला त्याच पहिल्या आल्या होत्या.

मघाशी माझी दुरुस्ती काढून टाकली. मुलीला लिहिलं, "तूच कर, मी बघतो."

तेव्हापासून बाई खुर्चीमागे उभ्या आहेत असं वाटतंय. वळून बघायची हिंमत होत नाही.

खरं सांगा, ज्यांनी शिकवलं त्यांनाच तुम्ही कधी असं जागेवरून उठवलंय?