सोवळ्यातल्या पेशी

आमच्या ताईच्या सासऱ्यांना अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकही माणूस माणूस म्हणून कधी दिसला नाही. त्यांना दिसत असे तो मेंदू, आणि त्याला लोंबकळणारे इतर किरकोळ सामान. समोरून येणारा गृहस्थ वकील आहे, भटजी आहे की नारळ उतरवणारा आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. त्याच्या मज्जातंतूंतून बातमी नीट जाते-येते की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असे, आणि ते पाहण्यासाठी टोकाला रबर बसवलेली एक छोटी हातोडी ते सदैव जवळ बाळगीत. कोट अंगात असला तर ती खिशात असे, नसला तर धोतराच्या कनवटीला.

ही विद्या त्यांनी कोठून मिळवली ते आधी सांगितले पाहिजे. तरुणपणी ते मुंबईस वैद्यक शिकायला गेले होते. तेथे मेंदू त्यांना इतका आवडला, की बाकीच्या अवयवांचा अभ्यास करणे हा त्याचा अपमान आहे असे त्यांना वाटू लागले. परीक्षकांनी यकृताविषयी विचारले, तेव्हा "ते मेंदूच्या हाताखाली काम करते," एवढे एकच उत्तर देऊन ते स्वस्थ बसले, आणि त्यानंतर लवकरच नागावला परत येऊन वडिलोपार्जित सुपारीची वाडी पाहू लागले. अलिबागेस त्यांचे एक डॉक्टर स्नेही होते. त्यांच्याकडे विलायतेहून येणारी वैद्यकाची मासिके शिळी झाली, की केळीच्या सोपटाने बांधून नागावास रवाना होत. ती वाचून झाली की प्रयोग सुरू होत. वाडीतल्या रहाटावरचा गडी धर्मा तर त्यांना दुरून पाहताच गुडघे पोटाशी घेऊन बसे. "भाऊसाएब, माजा गुडगा बेस हाय," तो ओरडून सांगे, "बैलाचा बगा, त्यो सकालधरनं हलत न्हाय!"

ताईला पाहण्यासाठी ही मंडळी आमच्या माणगावच्या घरी आली, तो प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो. ताईने पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या, नमस्कार केला आणि ती खाली मान घालून बसली. शिवण येते का, गाणे येते का, असे प्रश्न येतील म्हणून आम्ही तिची तयारी करून घेतली होती. या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते माझ्या वडिलांना म्हणाले, "आपण जरा पायावर पाय टाकून बसता का?" वडिलांना वाटले, समुद्रकाठची काही रीत असेल. त्यांनी मुकाट्याने पायावर पाय टाकला. तत्क्षणी हातोडी निघाली, गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन आवाज झाला, वडिलांचा पाय ताडकन उडाला, आणि सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थांच्या हातातले पोहे त्यांच्याच पागोट्यावर जाऊन बसले.

"उत्तम!" ताईचे सासरे म्हणाले. "घराण्यात दोष नाही. मुलगी पसंत आहे."

"अहो, निदान तिचे नाव तरी विचारा," त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या.

"नाव तंतूंत नसते," ते म्हणाले आणि उरलेले पोहे खाऊ लागले.

येथे थोडे शास्त्र सांगणे माझ्या शिक्षकी पेशाला धरून होईल. गुडघ्याखाली असा ठोका बसला, की त्याची बातमी तंतूवाटे पाठीच्या कण्यात पोचते, आणि पाय उडवण्याचा हुकूम तेथूनच परत फिरतो; मेंदूला ते मागाहून कळते. ताईचे सासरे हे अधिक सोपे करून सांगत. "कणा म्हणजे मामलेदार. बारीकसारीक निकाल तो परस्पर देतो. मेंदू म्हणजे कलेक्टर. त्याला नंतर कागद दाखवतात, आणि तो मान डोलावून म्हणतो, हो हो, हे मीच ठरवले होते." हे व्याख्यान त्यांनी एकदा प्रत्यक्ष मामलेदारांना ऐकवले. मामलेदार खूष झाले, आणि त्या भरात गुडघा पुढे करून बसले.

भाऊबीजेला मी दरवर्षी नागावास जात असे. अशाच एका भाऊबीजेला आम्ही जेवत होतो आणि ताईच्या सासूबाई ताक वाढीत होत्या. या बाईंचे सोवळे सबंध गावात गाजलेले होते. सकाळची अंघोळ झाल्यापासून स्वयंपाकघर आवरेपर्यंत त्यांना कोणी शिवायचे नाही. नवऱ्याने तर नाहीच नाही, कारण त्याने कोणाकोणाच्या गुडघ्यांना हात लावला असेल याचा भरवसा नसे. त्यामुळे त्या वाढीत ते हातभर उंचीवरून. तांब्या वर धरला, मनगट जरासे कलते केले, की ताकाची सरळ धार वाटीच्या मधोमध उतरे, आणि बाहेर एक थेंब पडत नसे. त्या उजव्या मनगटाकडे ताई सून असूनही कौतुकाने पाहत राही.

"दोन बेडूक घेतले," ताईच्या सासऱ्यांनी आरंभ केला.

"अहो, अन्नावर बसला आहात."

"बेडूक विलायतेतले आहेत, त्यांचा आपल्या वांग्यांशी संबंध नाही. तर मास्तर, दोघांची काळजे काढून मिठाच्या पाण्यात वेगवेगळी ठेवली. ती तेथेही धडधडतच होती. मग पहिल्याच्या तंतूला विजेचा चटका दिला. ते मंदावले. त्याच्या भांड्यातले नुसते पाणी घेऊन दुसऱ्यावर घातले, तर दुसरेही मंदावले! त्याला कोणी बोटही लावले नव्हते. म्हणजे निरोप पाण्यातून गेला!"

मी म्हणालो, "पण तंतू तर तारायंत्रासारखे एकमेकांना जोडलेले असतात ना?"

"तीच तर चूक! एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, केसाहून कितीतरी बारीक. विजेची लहर पेशीच्या टोकापर्यंत धावत येते आणि काठावर थांबते. मग पलीकडे निरोप जातो कसा? विद्वान अजून भांडताहेत. कोणी म्हणतो ठिणगी उडते. मी म्हणतो रस. या काठाने रस सोडला, त्या काठाने झेलला, की पलीकडे पुन्हा लहर सुरू." एवढे बोलून ते उदाहरण शोधू लागले, तो वरून ताकाची धार त्यांच्या वाटीत उतरली. त्यांचे डोळे एकदम चमकले. "हे पाहा! ही एक पेशी, मी दुसरी. मला शिवत नाही, पण वरून रस सोडते, आणि खाली मला कळते! अहो, पेशी सोवळ्यात असतात, मास्तर!"

"माझ्या सोवळ्याची थट्टा पुरे," बाई म्हणाल्या. "वाटी हलवू नका."

"थट्टा नाही, गौरव आहे. पेशी अंतर राखते, पण निरोप अडवत नाही. आपल्या गावचे शास्त्रीबुवा अंतरही राखतात आणि विहिरीचे पाणीही अडवतात. त्यांना मेंदू असता तर तो केव्हाच बंद पडला असता."

हे वाक्य शास्त्रीबुवांच्या कानांपर्यंत पोचायला रसाचीही गरज लागली नाही. पुढे बरेच दिवस ताईच्या घरी पूजेला भटजी मिळत नव्हता.

पुढे एका पावसाळ्यात ताईचे पत्र आले, आणि मी मिळेल त्या गाडीने नागाव गाठले. तिच्या सासूबाई न्हाणीतून बाहेर पडताना कोसळल्या होत्या. जीव वाचला होता; पण बोलणे जड झाले होते आणि उजवा हात खांद्यापासून मेल्यासारखा लोंबत होता. अलिबागेचे डॉक्टर म्हणाले, "हात परत यायचा असेल तर येत्या काही महिन्यांत येईल. त्यानंतर आशा धरू नका." बाईंनी ते ऐकले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी न्यावे तर त्या मान हलवीत. वाढता येत नाही, तर आत जाऊन काय करायचे, असे त्यांनी तुटक शब्दांत ताईला सांगितले.

ताईचे सासरे ओटीवर हातोडी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या गुडघ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही, तेव्हाच मला भीती वाटली. "मामलेदार जागेवर आहे, मास्तर," ते म्हणाले. "पाय उडतो, जरा जास्तच उडतो. कलेक्टरची कचेरी बंद आहे. आणि कारभारही असा उफराटा, की हात उजवा आणि कचेरी डावीकडे. ठोठावायचे कोठे?"

तरी त्यांनी ठोठावायचे ठरवले. वाडीत पाऊलवाट पावसात बुजली, तर कोणी रोज चालू लागले की शेजारून दुसरी पडते. तसेच मेंदूतही होत असेल, असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी तिचा हात धरून एकेक बोट रोज वळवायचे, उघडायचे, मिटायचे. पण सोवळ्यातल्या बायकोचा हात धरायचा कसा? तिने तर आजारातही सोवळे सोडले नव्हते. तेव्हा आयुष्यभर सोवळ्याची टवाळी केलेला हा माणूस रोज विहिरीवर अंघोळ करून, वडिलांच्या वेळचा रेशमी कद नेसून, ओल्या केसांनी माजघरात येऊ लागला. धर्माने रहाटावरून ते पाहिले आणि बैल उभा केला. "भाऊसाएब," तो म्हणाला, "भटजी मिलना, म्हून सोताच झालाव व्हय?"

"गप रे. तुझ्या वहिनीसाहेबांच्या हाताची पूजा आहे," त्यांनी उत्तर दिले.

पावसाळा सरला. बोटे वळवली तेवढी वळत, सोडली की पडत. मी भाऊबीजेला गेलो तेव्हा डॉक्टरांची मुदत संपत आली होती, आणि घरात त्याविषयी कोणी बोलत नव्हते. त्या सकाळी वाडीत सुपारी उतरवण्याचे काम चालले होते. ताईच्या सासऱ्यांना वेळेचे भान राहिले नाही. आठवण होताच ते मळक्या धोतरानिशी, चिखलाचे पाय घेऊन, गड्यांच्या पाठी थोपटून आलेल्या हातांनी धावत माजघरात शिरले आणि सवयीने त्यांनी बायकोचा हात धरला.

तो हात मागे गेला.

फार नव्हे, चार बोटांएवढाच. पण तो स्वतःहून गेला होता. बाईंच्या ओठांतून जड, पण स्पष्ट शब्द आले, "शिवू नका! पारोसे आहात!"

ताईचे सासरे ताडकन उभे राहिले. मग त्यांनी अशी आरोळी ठोकली, की वाडीतली माणसे झाडांवरून खाली उतरली. "सूनबाई! मास्तर! विटाळ पोचला! कलेक्टरची कचेरी उघडली!" त्यांनी हातोडी काढली आणि आनंदाच्या भरात स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घेतली. डोळ्यांतले पाणी त्या ठोक्याचे आहे, असे ते नंतर सर्वांना सांगत होते.

हात पूर्ण परत आला नाही. वर्षभराने बाई पुन्हा वाढू लागल्या, पण मनगट थरथरे. हातभर उंचीवरून धार सोडली, की ती वाटी सोडून सर्वत्र जाई. शेवटी त्या तांब्याचे तोंड वाटीच्या काठावर टेकवून वाढू लागल्या. त्या टेकल्या तांब्याला मग सोवळे म्हणता येत नसे. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मी पानावरच होतो. तांब्या वाटीला लागून किंचित किणकिणला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले नाही. ताईच्या सासऱ्यांनी एक हात पुढे केला, थरथरत्या तांब्याला खालून आधार दिला आणि ताक भरेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

आज ती दोघेही नाहीत. दोन पेशींमधले ते अंतर मी वर्गात दरवर्षी शिकवतो आणि फळ्यावर नीट रेघ मारून दाखवतो. पण ताक वाढून झाले त्या दिवशी मी ताईच्या सासऱ्यांकडे पाहिले, आता काहीतरी उदाहरण येणार म्हणून वाट पाहिली, आणि त्या माणसाने आयुष्यात प्रथमच काहीही समजावून न सांगता वाटी तोंडाला लावली.