कॅबिनेटवरच्या लोंब्या

उंदराच्या मुताचा वास कसा असतो ते मला विचारा. आमच्या कॉम्प्युटरचं झाकण मी उघडलं आणि तो असा काही नाकात बसला, की पुढचे दोन दिवस भाताचा घास खाली उतरेना. आत मदरबोर्डवर केस, चिंध्या, भाताची तुसं, कुरतडलेली केबल. या सगळ्याच्या मधोमध पाच गुलाबी पिल्लं, डोळेही न उघडलेली. बोर्डावर हिरवट थर चढला होता. ती घाण फावड्यावर घेऊन शेताच्या बांधापलीकडे टाकली, तीनदा साबणाने हात धुतले, तरी हाताला वास येतच राहिला.

मशीन वाशिंदच्या एका जोडणाऱ्याकडून घेतलं होतं. मी तेव्हा तिथल्या फॅक्टरीत कामाला लागलो होतो. कॅबिनेटचा पत्रा इतका हलका की धारेने बोटं कापायची. मागच्या बाजूच्या दोन झाकणपट्ट्या त्याने मोडून फेकून दिल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "हवा खेळते." त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, ते म्हणजे फॉरमॅट. त्याने घातलेल्या चोरट्या विंडोजला दर महिन्याला व्हायरस लागायचा आणि दर महिन्याला तो फॉरमॅट मारायचा. मला त्या माणसाची किळस आली होती. शेवटी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स घातलं, आठ दिवस झगडून साउंड चालू केला, आणि मग मला शिंगं फुटली. आमच्या खर्डीच्या आसपास आपल्याएवढं कुणाला कळत नाही, असं मी धरून चाललो.

माझी आय धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले तीच गायची. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही तिला बोलावणं यायचं. त्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगेनात. वैशाखात चुलतबहिणीचं लग्न ठरलेलं. निदान त्या लग्नात तरी आयचे धवले वाजावेत म्हणून ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला मी माइक आणला. पण आय गायला तयार होईना.

"मांडव नाय तर धवला कसा गाऊ रे?"

शेवटी कॉम्प्युटरलाच मांडव घातला. तो माजघरात भाताच्या कणगीला लागून होता, कारण घरात गळत नव्हतं ते तेवढंच. चार काठ्या, वर आंब्याचा टाळ, कॅबिनेटला हळदीची बोटं. नुकतीच कापणी झालेली, म्हणून आयने नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी कॅबिनेटच्या मागे बांधली. मग ती मॉनिटरकडे तोंड करून दोन दुपारी गात बसली. छत्तीस धवले झाले.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आवाजही गेला. फक्त वारा सुटल्यासारखा श्वास उरला. आम्ही पंधरा दिवस इस्पितळात होतो. परत आलो तर मशीन चालू होईना आणि आत तो प्रकार. लोंब्यांचा एक दाणा उरला नव्हता. दाणे संपवून उंदीर मागच्या फटीतून आत शिरले होते.

मी आयवर ओरडलो. काकू, चुलतबहीण, शेजारच्या बाया, सगळ्यांसमोर. "मशीनला कुणी भात बांधतं का? तुझ्यामुळे तुझेच धवले गेले." आयने तोंड उघडलं, हवा आली, शब्द नाही. तिने पदर तोंडावर घेतला. मला तेव्हा तिचीही चीड आली, हे लपवत नाही.

डिस्क मात्र शाबूत असावी असं वाटत होतं. ती घेऊन वाशिंदला त्याच माणसाकडे गेलो, कारण जवळ दुसरं मशीन नव्हतं. त्याला बजावलं की नुसती जोड, बाकी मी बघतो. तो जोडत असताना मी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला लिनक्सवर व्याख्यान देत उभा राहिलो. लिनक्सची फाइल सिस्टीम विंडोजला ओळखता येत नाही, हे त्याला समजावतच होतो. मागे वळलो तर हा तंबाखू चोळत सांगतो, "डिस्क कोरीच होती, फॉरमॅट मारून ठेवला."

मी डिस्क त्याच्या हातातून हिसकून घेतली आणि निघालो.

मुरबाडला एका ओळखीच्या सरांच्या लॅबमध्ये लिनक्सची मशीनं होती. लिनक्स आपल्या नोंदवहीच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी राखून ठेवतं. त्यांतल्या एकीवरून, सुट्टीच्या दिवशी जाऊन, पुढचे काही महिने दुरुस्ती चालवली. जे सापडलं ते हरवल्या-सापडल्याच्या एका फोल्डरमध्ये येऊन पडलं. एकाही फाइलला नाव नाही, नुसते आकडे. सव्वीस निघाल्या. त्यांची सीडी केली आणि वाजवायला एक सीडी प्लेअर उसना घेऊन घरी आलो.

लग्नाला आठ दिवस होते. कोणता धवला कधीचा हे आयशिवाय कोण सांगणार? तीच काकू, तीच चुलतबहीण, त्याच बाया बसल्या. मी एकेक लावायचो आणि आय हातानेच सांगायची. जात्याचा खुंटा फिरवला की हळद दळायचा, दोन्ही हात वर केले की मांडवाचा. मी आकड्यापुढे नाव लिहायचो.

अकरावी फाइल लावली. गाणं नव्हतंच. खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग आयचा खणखणीत आवाज.

"गाणी झाली का लोंब्या सोडून ठेव रे. कणगी बाजूलाच हाय, उंदीर येतील."

"हो गो आय, सोडतो."

तो माझा आवाज होता, कंटाळलेला. बाया माझ्याकडे बघत होत्या. आयने बघितलं नाही. पुढचं लाव, अशी तिने हाताने खूण केली.