शेवटच्या पानापर्यंत

बुलढाण्यात एम.ए. करताना धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातल्या पानांच्या प्रती मी कॉलेजसमोरच्या एका झेरॉक्सवाल्याकडून काढून घ्यायचे. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते प्रत्येक पान आधी वाचायचे.

बाबा गेले आणि माझी प्रार्थना सुटली, अभ्यासही नकोसा झाला. "काका, ही शेवटची पानं. शिक्षण सोडतेय."

त्यांनी मशीन थांबवलं. "देव हाय का नाई, थे या पुस्तकात शेवटी सापडलं काय?"

"नाही."

"मंग लिहिणाऱ्यालेही नाई सापडलं. तरी त्यानं पुस्तक पुरं केलं ना? तू काऊन सोडून राह्यली?"

मला आधी हसू आलं, मग रडू. मी परीक्षा दिली.

आज मी हाच विषय शिकवते. "मला ठाऊक नाही," असं वर्गात न लाजता सांगते. ते बळ त्यांनी दिलं.