बर्फावरची ड्युटी

फोन आला तेव्हा आम्ही मायलेकी सक्करदऱ्याच्या घरी गच्चीवर सांडगे वाळत घालत होतो. पलीकडून दादाचा काश्मिरी सोबती "दीदी…" म्हणाला आणि रडू लागला. माझा विलासदादा गेला होता.

आमच्या उन्हानं भाजणाऱ्या नागपूरचा पोरगा बर्फावर पोट भरतो, हे नातेवाइकांच्या कधी गळी उतरलंच नाही. कॉलेजात असताना तो पहाडात शिबिराला गेला आणि तिथलाच झाला. काश्मीरच्या ज्या उतारांवर हौशी लोक स्कीइंग करतात, तिथे तो स्की पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर होता. सकाळी सगळ्यांच्या आधी वर जायचं, बर्फ कुठे कच्चा आहे ते बघून दोर बांधायचे, कुणाचा पाय मोडला तर त्याला स्लेजवर घालून खाली आणायचं. लग्नाची बोलणी निघाली की आई मुलीकडच्यांना "बर्फावर ड्युटी आहे" एवढंच सांगायची. ते समजायचे, फौजी! मग दादा खरं काय ते सांगून मोकळा व्हायचा आणि पाहुण्यांच्या बशीत पोहे अर्धेच राहायचे.

संध्याकाळी रोपवे बंद झाला की पेट्रोलवाले उतारभर पसरून सावकाश खाली येतात. हाका मारतात, थांबून कानोसा घेतात. कुणी मागे राहिलेलं नाही, अशी खात्री झाली की मगच घरी. दादा कायम सगळ्यांत वरच्या टप्प्यावर. मी एकदा चिडून विचारलं होतं, "काहून रे, दरवेळी तूच मागं राहतं?"

"अवं, कोणाले तरी राहाच लागते ना," तो हसला होता.

त्या संध्याकाळी बाकीचे खाली पोचले आणि वरून बर्फाचा कडा सुटला. शेवटच्या माणसाच्या मागे बघायला कुणी नसतं… याचा मला अजून राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

आईचं दुःख आणखी वेगळं. यंदा तो कायमचा परत येणार होता. दिवाळीत गुडघा चोळत म्हणाला होता, "आई, हा हिवाळा शेवटचा. मंग घरीच राहतो." त्या एका वाक्यावर आईनं अख्खा हिवाळा काढला. ऊन तापू लागलं की त्याचा फोन यायचा, "निघून राहिलो, पन्हं करून ठेव." तो फोन मला हवा आहे. अजूनही वाजेल असं वाटतं.

परवा माहेरी गेले, तर वरच्या, दादाच्या खोलीतून कूलरचा आवाज येत होता. जिन्यावरून धावतच वर गेले. आईनं कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या होत्या, पाणी काठोकाठ भरलं होतं. पलंगावर धुतलेली चादर. रिकामी खोली गारठली होती. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे वं," दारातून आई म्हणाली, "खोली तापली तं तो वापस जाईन."