पंचावन्न इंची चेहरा

टीव्हीच्या दुकानात त्याला सगळे इंचभाऊ म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत आलं की हा नुसता बघून सांगायचा, याला किती इंची खपेल. आणि खपायचाही! जीभ अशी गोड, की माणूस मिक्सर घ्यायला यायचा आणि टीव्ही घेऊन जायचा. हल्ली तर त्याची चांदीच होती. जो तो एकच विचारायचा, यावर नेट चालतं का, मोबाइलवरचे व्हिडिओ मोठे दिसतात का.

त्या मावशीही तेवढ्यासाठीच आल्या होत्या. एकट्याच. पर्समधून मोबाइल काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

"भाऊ, हे आमचे हे. रिटायर झाले त्या दिवशीचं आहे. डेपोतल्या कोणीतरी नेटवर टाकलंय."

एका बस कंडक्टरला हार घालून माईकसमोर उभं केलं होतं. "मला बाबा भाषण येत नाही, मी आयुष्यभर नुसती तिकिटं फाडली," असं म्हणून तो स्वतःच खो खो हसत होता. कुठल्यातरी जुन्या, साध्या फोनवर काढलेला व्हिडिओ.

"मागच्या वर्षी गेले. यात इवलेसे दिसतात हो. मोठे दिसायला हवेत मला."

इंचभाऊने ओळखलं. असला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर ताणला की चेहऱ्याचा पार लगदा होतो. मावशींना छोटा टीव्हीच योग्य होता. पण सकाळीच मालकाने झापलं होतं, "ते पंचावन्न इंची धूड कधी हलवणार आहेस? भिंत अडवून बसलंय नुसतं!"

"माझा व्हिडिओ यावर लावून दाखवता का?" मावशींनी विचारलं.

"अहो मावशी, नेमकं आजच नेट गंडलंय बघा!" हा पठ्ठ्या डोळ्यांची पापणीही न लववता म्हणाला. आणि त्याने दुकानातला ठेवणीतला फुलांचा व्हिडिओ लावला. तो मुळात अशाच पडद्यासाठी काढलेला असतो. "पाकळीवरचा थेंब दिसतोय ना? मग काकांच्या मिशीचा केस न् केस दिसेल!"

मावशींचे डोळे भरून आले. इंचभाऊने तेवढ्यात बिल करायला सांगितलं.

मालकाने पाठ थोपटली खरी, पण जेवताना घास गोड लागेना. बायकोने विचारलं, काय बिनसलंय? तो म्हणाला, काही नाही. धंदा म्हटला की थोडंफार चालायचंच, असं त्याने मनाला बजावलं. मन कसलं ऐकतंय! फोन वाजला की त्याला वाटायचं, आली तक्रार.

शेवटी मावशींचा फोन आलाच. पण तक्रार नव्हतीच.

"भाऊ, टीव्ही फार छान आहे हो. सवड मिळाली तर एकदा येऊन जाल का?"

गोड बोलून घरी बोलावतायत, तिथे शिव्याच घालणार, असं धरून तो निघाला. छोट्याशा खोलीत त्या टीव्हीने अख्खी भिंत व्यापली होती. मावशींनी आधी पाणी दिलं, मग बातम्या लावल्या. लख्ख दिसत होत्या. मग त्यांनी यजमानांचा व्हिडिओ लावला. नाक, मिशी, डोळे, सगळं एकमेकांत कालवलेलं. हसणं तेवढं ऐकू येत होतं.

"बघा ना," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "बाकी सगळं दिसतं. यांचाच चेहरा मला ओळखू येत नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी ती मलाच म्हणायची, तुम्ही कोण? मला वाटतं, माझंही सुरू झालंय. लेकीला कळवलंय, हे घर बंद करून तुझ्याकडे येते म्हणून. पण त्याआधी कोणाला तरी विचारावं म्हटलं. तुम्ही यांना मोबाइलवर पाहिलं होतं ना? हे तेच आहेत ना हो?"

शिव्यांची तयारी करून आलेला माणूस तो. याची तयारी कुठून असणार?

"मावशी, मोबाइलवर बघितलंत का पुन्हा?"

"हिंमत होत नाही. तिथेही नाही ओळखता आलं तर?"

त्याने टेबलावरचा मोबाइल उचलला, तोच व्हिडिओ लावला आणि त्यांच्या पुढे धरला. त्यांनी मान फिरवली. "बघा मावशी. तुम्हाला माझी शपथ," तो म्हणाला. त्यांनी एक डोळा किलकिला करून बघितलं. मग दोन्ही.

"अगंबाई! हेच की हे!"

"तुमची आठवण ठणठणीत आहे. दोष या टीव्हीचा आहे, आणि माझा. एवढ्या मोठ्यावर असंच दिसणार हे मला माहीत होतं. नेटही चालू होतं त्या दिवशी. मी खोटं बोललो." त्याची मान वर होईना. "छोटा आणून लावतो. मालकाचं मी बघून घेईन."

मावशींचं लक्षच नव्हतं. मोबाइल छातीशी धरून त्या हसत होत्या, रडत होत्या, मध्येच लेकीचा नंबर शोधत होत्या. एकदाचा फोन लागला.

"अगं, मी काही घर सोडत नाही! काही झालेलं नाही मला! दुकानातले ते भाऊ आलेत ना, त्यांनीच दाखवून दिलं. एवढं काम टाकून आले बिचारे! देवमाणूस गं, अगदी देवमाणूस!"

"मावशी, नका हो असं म्हणू," इंचभाऊ म्हणाला. त्यांनी हातानेच त्याला गप्प बसवलं आणि लेकीला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.